आईचा पाला

आमच्या घरात सकाळी पहिली चौकशी व्हायची ती कुत्र्यांच्या पोटाची. चूल पेटवायच्या आधी आई मागच्या परड्यात चक्कर मारून यायची, तांबी आणि भुंगा कुठे बसून आले ते निरखून बघायची आणि तिथूनच ओरडून सांगायची, "भुंग्याला आज भाकर नको गं, नुसतं ताक दे." बाबा दात घासता घासता म्हणायचे, "माझं पोट कसं हाय ते कवा इचारलं नायस." आई म्हणायची, "तुमाला तोंड हाय. तुमी सांगाल." तांबी म्हणजे आमची तांबूस रंगाची कुत्री, आणि भुंगा तिच्याच एका वेतातला, काळाकुळकुळीत, एका कानावर पांढरा ठिपका असलेला. कशेळ्याच्या अलीकडे, रस्ता सोडून आत, पंचवीस-तीस घरांचं आमचं गाव. डोंगरातून रानडुकरं भातात उतरायची म्हणून प्रत्येक घरी कुत्रं असायचंच; पण इतरांची कुत्री उरल्यासुरल्यावर जगायची आणि आमची मात्र घरातल्या माणसांसारखी वेळच्या वेळी जेवायची.

आईचं माहेर कोंडाण्याचं. तिच्या वडलांकडे डोंगराच्या पायथ्याशी शेत राखायला चार-पाच कुत्री कायम असत, आणि त्यांच्याकडूनच ती सगळं शिकली होती. नाचणीची भाकरी ताकात कुस्करून, सुक्या बोंबलाची मुंडकी उकडून त्यांचं पाणी, मीठ मात्र अजिबात नाही. पिल्लू महिन्याचं झालं की जंतांसाठी वावडिंग वाटून गुळातून. जुलाब लागले तर पातळ पेज आणि भाजलेल्या कच्च्या बेलाचा गर. खरूज झाली की करंजाचं तेल आणि गंधक; त्याचा वास आमच्या ओटीवर इतका मुरला होता की नवा माणूस आत आला की नाक चोळायचा. गोचिडींसाठी निर्गुडीचा पाला गोणपाटाखाली, कडुलिंबाच्या काढ्यानं आंघोळ, आणि कुत्रं जिथं झोपतं तिथली जमीन दर आठवड्याला राखेनं घासलेली. औषधापेक्षा तिचा भर पाहण्यावर होता. नाक ओलं आहे का, जिभेचा रंग कसा आहे, हाक मारल्यावर आधी कान हलतो की शेपूट. कुणी आजारी कुत्रं घेऊन आलं की ती आधी घरच्यांची चौकशी करायची: जागा बदलली का, दुसरं कुत्रं आणलं का, घरात भांडण झालंय का. लोक ओशाळत. एकदा एका बाईनं आपल्या कुत्रीचं दुखणं सांगता सांगता सासूचं गाऱ्हाणं सुरू केलं, आणि आईनं दोघींचंही ऐकून घेतलं, म्हणजे त्या बाईचं आणि कुत्रीचं.

आता मी कुंभिवलीला मुलाकडे असते. घरापासून हमरस्ता जवळ, दिवसभर ट्रकची घरघर. नातीनं एक कुत्रं पाळलंय. त्याच्या सुयांचं कार्ड आहे, त्यावर शिक्के आहेत. नात मला विचारते, पणजी कुत्र्यांना काय काय औषधं द्यायची, आणि मी तिला खरजेचं सांगते, जंताचं सांगते, ती वहीत लिहून घेते. त्याच्या पुढचं मात्र मी तिला अजून सांगितलेलं नाही. ते इथं लिहिते आहे.

आईकडे आणखी एक औषध होतं. कुत्रं चावलं तर लावायचा पाला. तो कुठल्या झाडाचा, हे तिनं मलाही कधी सांगितलं नाही. स्वतः जाऊन आणायची आणि पाठमोरी बसून वाटायची. पलीकडच्या वाडीतला एक माणूस त्या पाल्यानं वाचला, असं सगळे म्हणत. त्याला पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं आणि तो खडखडीत बरा झाला होता. तेव्हापासून पार खालापूरकडून माणसं यायची. आई जास्त बोलत नसे. पाला लावायची आणि म्हणायची, "बघूया."

त्या वर्षी होळीच्या सुमाराला तांबी शेतावरून ओठ फाटून आली. कोल्ह्याशी झुंजली असावी. आईनं जखम लिंबाच्या पाण्यानं, म्हणजे कडुलिंबाच्या, धुतली, हळद भरली, आठ दिवसांत जखम मिटली. आम्ही ते विसरूनही गेलो. पुढे चैत्र सरत आला, शेतांत भाताच्या रोपांसाठी राब भाजायला सुरुवात झाली, जिकडेतिकडे पालापाचोळा जळल्याचा वास आणि निळसर धूर. अशात एका सकाळी नारायणकाका आमच्या अंगणात आले. नारायणकाका म्हणजे बाबांचे मित्र आणि आमचे शेजारी. दोन घरांच्या मधे चाळीस पावलांचं अंतर होतं. हातात कायम काथ्या किंवा अंबाडी, चालता चालता दोर वळायचे. आमच्या कुत्र्यांना ते "काय सायेब" म्हणायचे. त्या दिवशीही "काय सायेब, निजलाव?" म्हणत त्यांनी आंब्याखाली पडलेल्या तांबीच्या मानेवर हात ठेवला, आणि तिनं मान वळवून त्यांचा हात धरला. अंगठ्याखाली दोन दात रुतले. लगेच सोडलं तिनं, आणि दचकल्यासारखी उठून दूर जाऊन बसली.

काका हसले. "म्हातारी झाली गं तुमची तांबी, झोपमोड सोसत नाय," म्हणत घरी गेले. मी शेतावर पळाले. आई धुरात उभी होती, पदर नाकावर. तिनं ऐकलं आणि म्हणाली, "वाटलेला पाला वाटीत हाय, तो ने. आदी हात धुवायला सांग, चांगला चोळून. मग लाव. आन तांबीला बांधून ठेव. धा दिवस बघूया तिला."

मी तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची होते. आईचं औषध घेऊन कुणाच्या घरी जायचं म्हणजे मला फार मोठेपणा वाटायचा. मी वाटी घेऊन गेले तर काकी दारातच उभ्या, चेहरा उतरलेला. "सुमे, कुत्री बरी हाय ना गं तुमची? काय वंगाळ नाय ना?" त्यांना असं घाबरलेलं बघून मला आईसारखं बोलावंसं वाटलं. मी पाला काकांच्या हातावर थापला आणि म्हटलं, "आई म्हणाली, काय होत नाय." आई असं म्हणाली नव्हती. धुवायचं आणि दहा दिवसांचं मी सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर काकी आणखी घाबरल्या असत्या. आणि घरी आल्यावर तांबीच्या डोळ्यांकडे बघून मला तिची दया आली, म्हणून मी तिला बांधलंही नाही.

तिसऱ्या दिवशी तांबीनं भाकरीला तोंड लावलं नाही. ताकाच्या भांड्यापाशी जायची, तोंड बुडवायची, पण ताक आत जात नव्हतं, नुसता फेस. खालचा जबडा लोंबकळत होता. भुंकली तर आवाज चिरका, शेवटी उंच जाणारा. असा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. आई म्हणाली, "हाडूक अडकलंय." तिनं मला तांबीचं डोकं गुडघ्यांत धरायला लावलं आणि स्वतः मनगटापर्यंत हात तिच्या तोंडात घातला. बराच वेळ चाचपलं. तांबी हलली नाही. लाळ माझ्या हातांवरून वाहत होती, आणि माझे हात आदल्याच दिवशी करवंदीच्या जाळीत ओरबाडलेले. आईनं हात बाहेर काढला तेव्हा तिच्या बोटावर दाताचा ओरखडा होता. "नाय गं," ती म्हणाली, "हाडूक नाय." आणि तिचा चेहरा एकदम बदलला. मला वाटतं, तिला त्याच क्षणी कळलं होतं.

त्या दिवशी कशेळ्याचा बाजार होता. बैल तपासायला जनावरांचा डॉक्टर बाजाराच्या दिवशी तिथं येत असे. बाबा त्याला सायकलवर घेऊन आले. तो अंगणाच्या कडेलाच थांबला, आत आला नाही. तांबीकडे बघितलं, आणि मग आमच्याकडे. "कुणी हात लावलाय?"

आईनं दोन्ही हात पुढे केले. मीही केले.

"आजच्या आज कर्जतला जा. सरकारी दवाखान्यात. पोटात चौदा सुया, रोज एक. एकही चुकवायची नाही. आणखी कुणाला चावली?"

"शेजारच्या भावजींना. पण माझ्याकडं पाला हाय," आई म्हणाली. आवाज अगदी बारीक.

तो डॉक्टर तरुण होता, पण उर्मट नव्हता. तो म्हणाला, "बाई, खरजेला मी स्वतः लोकांना तुमच्याकडे पाठवतो. तुमच्याइतकं कुत्रं बघणारं ह्या भागात कुणी नाही. पण ह्याच्यावर पाला चालत नाही. सुरुवातीला सुया घेतल्या तर माणूस वाचतो. एकदा पाण्याला घाबरायला लागला, की मुंबईचा मोठा डॉक्टरही काही करू शकत नाही."

तांबी संध्याकाळच्या आत गेली. बाबांनी खोल खड्डा खणून तिला पुरलं. आई विहिरीवर हात धूत बसली होती, साबणानं, मग राखेनं, मग पुन्हा साबणानं. मग उठली आणि ओल्या हातांनीच नारायणकाकांकडे निघाली. मी तिच्या मागे.

काका ओट्यावर दोर वळत होते. दोन-चार माणसं बसली होती. आईनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. "भावजी, उद्या सकाळच्या गाडीनं आपल्याला कर्जतला जायाचं हाय. तुमी, मी आन सुमी."

काकांनी हात वर करून दाखवला. "वैनी, सुकली बघ जखम. तुझा पाला लागला. आता सुया कशाला?"

"जखम सुकली म्हणून काय नाय. आजार आत ऱ्हातो."

"अगं, तुझीच पोर सांगून गेली ना, आई म्हणाली काय होत नाय म्हणून!"

आईनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. पापणी लवते तेवढाच वेळ. मला वाटलं, आता ती म्हणेल, मी असं बोलले नव्हते. ती परत काकांकडे वळली. "व्हय, म्हणाले," ती म्हणाली. "चुकले मी."

ओट्यावरचा एक जण म्हणाला, "पण पलीकडच्या वाडीतला तो बरा झालाच ना तुझ्या पाल्यानं?"

"त्याला चावलेला कुत्रा पिसाळलेला नव्हता," आई म्हणाली. "दोन महिन्यांनी मी तो कुत्रा माझ्या डोळ्यांनी बाजारात हिंडताना बघितला. मला तवाच कळलं. पण लोकं चांगलं बोलत व्हती, मी गप ऱ्हायले. माझ्या पाल्यानं आजवर कुणी वाचलेला नाय. कुणीच नाय. आता तरी येता का, भावजी?"

काकी आत रडायला लागल्या. काकांनी हातातला अर्धा वळलेला दोर खाली ठेवला आणि म्हणाले, "किती वाजता निघते गाडी?"

ते चौदा दिवस मला अजून पोटात आठवतात. पहिल्या सुया मिळायलाच दोन दिवस गेले. लस मुंबईहून यायची होती आणि आम्ही दवाखान्याच्या पायरीवर बसून होतो. मग रोज सकाळची एस्टी, कर्जत, रांग, पोटावर बेंबीच्या आजूबाजूला एक सुई, पुन्हा एस्टी. पोट गाठीगाठींनी भरलं, झोपताना कुशीवर वळता येईना. गाडीत आमच्या बाकाशेजारी कुणी बसायचं नाही. बातमी आमच्या आधी कर्जतला पोचलेली असायची. आठव्या दिवशी काका म्हणाले, "बास झालं आता, राब तसाच पडलाय." दुसऱ्या दिवशी सकाळी आई छत्री घेऊन त्यांच्या ओट्यासमोर उन्हात उभी राहिली. काका सदरा घालून बाहेर आले.

सुया संपल्या तरी भीती संपत नव्हती. पावसाळाभर मी काही ना काही निमित्त काढून काकांच्या घरी जायची आणि ते पाणी कधी पितात ते बघत बसायची. त्यांच्या लक्षात आलं असणार. मला बघितलं की ते काकींकडे तांब्या मागायचे आणि घटाघटा पिऊन म्हणायचे, "काय सायेब, झालं समाधान?" ते त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले आणि म्हातारपणानं गेले. मी जे वाक्य माझ्या पदरचं घातलं होतं, ते त्यांना मी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

आईला मात्र एकदा विचारलं. माझं लग्न होऊन मुलंही झाली होती तेव्हा. म्हटलं, त्या दिवशी तू मला खोटी का पाडली नाहीस, नंतरही कधी बोलली नाहीस. आई तांदूळ निवडत होती. म्हणाली, "तू बोललीस ते माझ्या मनात व्हतंच गं. एवढ्या वर्षांत तोंडानं म्हणाले नाय इतकंच. लोकं ते माझ्या गप बसण्यातून ऐकायची, त्या दिवशी तुझ्या तोंडून ऐकलं." मला त्यानं बरं वाटलं की आणखी वाईट, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

राहिला भुंगा. तो तांबीच्याच भांड्यात जेवायचा, तिच्या अंगाला लागून झोपायचा. जनावरांचा डॉक्टर म्हणाला होता, त्याला मारा, नाहीतर सहा महिने माणसाच्या हाताला लागणार नाही असा बांधा. गावाचं म्हणणं, मारा. बाबांचंही तेच. आई म्हणाली, "बांधते." वाडीच्या टोकाला लाकडं ठेवायची एक पडवी होती. तिथं लोखंडी साखळीनं भुंग्याला बांधलं. जेवण लांब बांबूनं पुढे सरकवायचं, भांडं काठीनंच ओढून घ्यायचं. कुणी जवळ जायचं नाही.

भुंगा चांगला होता. खात होता, पाणी पीत होता. आणि रडत होता. पाऊस सुरू झाला तशी त्याच्या कानांत गोचिडी भरल्या, द्राक्षांसारख्या टपोऱ्या. मानेला साखळी घासून कातडी सोलली, पाठीवर खरजेचे चट्टे पडले. ज्या आईकडे खालापूरपासून लोक कुत्री घेऊन येत, तिच्या घरच्या कुत्र्याची ही दशा. ती पडवीच्या आढ्याला निर्गुडीच्या जुड्या टांगायची, काठीनं राख पसरायची, लांबून करंजाचं तेल त्याच्या पाठीवर शिंपडायची. निम्मं जमिनीवर पडायचं. सुरुवातीला ती दहा हातांवर बसून त्याच्याशी बोलायची. पण तिचा आवाज ऐकला की तो साखळीला हिसके देऊन पुढे यायला बघायचा, मान आणखी सोलायची, म्हणून तिनं जाणंच बंद केलं. घरातून त्याचं ओरडणं ऐकू यायचं. जेवताना आई घास हातात धरून थांबायची आणि ते ओरडणं थांबलं की मग तोंडात घालायची.

श्रावणात एक दिवस मी जेवण घेऊन गेले तर नारायणकाका भुंग्याशेजारी बसलेले, त्याचं डोकं मांडीवर घेऊन कानातल्या गोचिडी काढत होते. मी ओरडतच घरी गेले. आई धावत आली, पण साखळीच्या टप्प्याबाहेरच थांबली.

"भावजी, उठा! अजून तीन महिने हायेत!"

"मग चौदा सुया कशाला घेतल्या मी?" काका म्हणाले. "वैनी, तेलाची वाटी दे इकडं. मान किती सोलली बघ."

"सुया घेतल्या म्हणून असं नाय करायचं. डॉक्टर म्हणाला..."

"डॉक्टर म्हणाला ते तू बघ. मी कुत्र्याकडं बघतो."

आई खूप भांडली, हात जोडले, पण ते ऐकेनात. शेवटी तिनं तेलाची वाटी काठीनं पुढे सरकवली. कसं लावायचं, केसांच्या दिशेनं की उलटं, किती चोळायचं, हे ती लांबून सांगत राहिली आणि काका तसं करत राहिले. त्यानंतर ते रोज जायचे. काका चूक करत होते हे मला आज कळतं. भुंगा आतून कसा होता हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. पुन्हा सगळं तसंच घडू शकलं असतं. पण घडलं नाही. भुंगा भरला, चट्ट्यांवर केस आले, आणि तो ओरडायचा थांबला.

दिवाळी झाल्यावर जनावरांचा डॉक्टर येऊन बघून गेला आणि सोडा म्हणाला. त्यानं भुंग्याला सुईही टोचली. पुढे आई गावातल्या घराघरांत जाऊन लोकांना कुत्र्यांच्या सुयांसाठी गळ घालायची, आणि डॉक्टर आला की स्वतः एकेक कुत्रं धरून उभी राहायची. खरूज, जंत, गोचिडी हे सगळं ती शेवटपर्यंत बघत होती. चावल्याचा पाला तिनं पुन्हा वाटला नाही.

साखळी सोडायला ती एकटीच पुढे गेली. आम्ही सगळे मागे उभे. तिनं कडी काढली. भुंगा उभा राहिला, अंग झाडलं, आणि शेपूट हलवत तिच्याकडे आला. आईनं हात पुढे केला. त्याचं तोंड हाताशी आलं, जीभ बाहेर आली, आणि आईनं हात मागे घेतला. किंचितच. तिला स्वतःला ते कळलंही नसेल. लगेच तिनं पुन्हा पुढे केला, "ये रं, ये," म्हणाली, पण तोवर तो थांबला होता. थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिला. मग वळला आणि नारायणकाकांच्या पायांशी जाऊन बसला.

तो पुढे त्यांच्याच ओट्यावर राहिला. आम्ही दोन-तीनदा आणून बघितला, पण सकाळी तिकडेच असायचा. आईनं दुसरं कुत्रं पाळलं, आणखी पुष्कळ पाळली. पण दिवेलागणीला ती मला विचारायची, "जेवला का गं तो?" मी म्हणायची, "जेवला." चाळीस पावलांवर ओटा होता. ती कधी बघायला गेली नाही.